भरधाव, हयगयीने व निष्काळजीपणे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात रस्त्यावरच्या मृत्यूची फिर्याद उघडून बघा. गाव बदलतं, गाडीचा नंबर बदलतो, मयताचं नाव बदलतं. एक वाक्य मात्र हलत नाही. आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून सायकलला पाठीमागून जोराची धडक दिली. लातूरहून नांदेडकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर चाकूर, अहमदपूर, लोहा असे तालुके मागे पडत जातात, ठाण्यांच्या हद्दी बदलतात, पण या वाक्याला हद्द नाही.

वाक्य ऐकायला कडक आहे. प्रश्न एवढाच, की त्यातून कळतं काय? चालक त्या क्षणी नेमकं काय करत होता, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तो मांडीवरच्या फोनवर व्हिडिओ बघत होता, की सलग सोळा तास गाडी चालवून पेंगत होता, की खरोखरच वेडावाकडा पळवत होता, हे तिन्ही प्रकार त्या एकाच साच्यात बसतात. सायकलस्वाराला मारणाऱ्या बेसावध चालकाला कोणती शिक्षा शोभेल, हा वाद अशा वेळी चौकात, बसमध्ये, घरात रंगतो. फाशीपासून 'बिचाऱ्याच्या हातून झालं' इथपर्यंत सगळी मतं ऐकू येतात. पण बेसावधपणा कागदावर उतरतच नसेल, तर शिक्षा द्यायची ती कशाची?

साचा तिथल्या तिथे संपत नाही, तो आकडा होऊन दिल्लीला जातो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. कारणांच्या रकान्यात अतिवेगाच्या खाती ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू आहेत आणि मोबाइलच्या खाती जेमतेम २ टक्के, म्हणजे ३,३९५. आपल्या आजूबाजूला गाडी चालवणाऱ्यांचे हात बघितले की दुसऱ्या आकड्यावर विश्वास बसणं अवघड जातं. माझा तर्क असा, की यात वेगाइतकाच 'भरधाव' या शब्दाचाही वाटा आहे. जे लिहायची सवय, तेच मोजलं जातं.

त्याच अहवालात सायकलवर मेलेल्यांचा आकडा आहे ४,८३६. एकूण मृत्यूंच्या ३ टक्क्यांच्याही आत, म्हणून त्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही. पण ही माणसं कोण ते बघा. मराठवाड्यात सायकल चालवणारे तीन तऱ्हेचे. एक, ज्याला दुसरं काही परवडत नाही असा माणूस: रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून घरी निघालेला वॉचमन, दुधाच्या कॅनी लटकवलेला गवळी, पेपरवाला. दुसरे, अलीकडचे, पहाटे हेल्मेट घालून नांदेडहून विष्णुपुरीकडे किंवा लातूरहून औशाकडे निघणारे डॉक्टर, प्राध्यापक. आणि तिसऱ्या शाळेतल्या मुली. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या ज्या मुलींचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत आहे, त्यांना सरकार सायकल देतं. योजना चांगली आहे, मुली शिकल्या त्याने. मात्र सायकल देणारं खातं एक आणि गावाशेजारून चौपदरी रस्ता नेणारं खातं दुसरं. दुभाजकातल्या फटीतून सायकल ढकलत पलीकडे जाणारी मुलगी या दोन खात्यांच्या मधे उभी असते.

आता ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी घ्या. ती एका सेकंदात २२ मीटर जाते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने २००९ साली जाहीर केलेल्या अभ्यासात ट्रकचालकांच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून मोजलं होतं, की फोनवर मजकूर टाइप करताना सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद नजर रस्त्यावर नसते. गुणाकार केला तर अंतर येतं शंभर मीटरच्या वर. लोह्याच्या बाजारपेठेतून डोळ्याला पट्टी बांधून शंभर मीटर ट्रक नेऊन दाखवतो, असं कोणी म्हणालं तर लोक त्याला झाडाला बांधतील. फोन हातात घेऊन तेच रोज घडतं आणि शेजारी बसलेला माणूस पुड्या सोडत राहतो. 'ब्लूटूथवर बोलत होतो, हात मोकळे होते' हा बचावही फारसा टिकत नाही. युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत दिसलं, की बोलण्यात गुंतलेला चालक समोर बघत असूनही समोरचं त्याच्या मनापर्यंत पोचत नाही. सायकल तर मुळात अरुंद. मागून बघितली तर एक पाठ आणि एक चाक.

हे सगळं कोर्टात सिद्ध कसं करायचं? अपघातानंतर परिवहन खात्याचा मोटार वाहन निरीक्षक येऊन गाडी तपासतो. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे. 'कोणताही यांत्रिक दोष आढळून आला नाही' असा त्याचा अहवाल दोषारोपपत्राला जोडला जातो. गाडीचे ब्रेक तपासले गेले, चालकाचा फोन मात्र सहसा त्याच्या खिशातच राहिला. समजा जागरूक तपासी अधिकाऱ्याने कंपनीकडून कॉलची नोंद मागवली. त्यात कॉल सेकंदापर्यंत दिसतो. पण फिर्यादीत अपघाताची वेळ असते 'सकाळी सहाच्या सुमारास'. त्या 'सुमारास' आणि सेकंदाच्या मधे जी जागा राहते, तिचं नाव संशयाचा फायदा. शिवाय रील बघितली, व्हॉट्सअॅपवर बोट फिरवलं, तर कॉलच्या यादीत काहीच उमटत नाही. त्यासाठी इंटरनेट वापराची नोंद हवी, फोन ताब्यात घेऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवायला हवा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र हवं. सायकलवाल्यासाठी इतका खटाटोप कोण करतो?

म्हणून मागून धडक बसली, रस्ता सरळ होता, उजेड होता, एवढ्यावर सरकार पक्ष उभा राहतो. त्यावर बचावाचा वकील सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश हा निकाल काढतो: नुसता वेग जास्त होता म्हणून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, वेग ही सापेक्ष गोष्ट आहे. निकाल चुकीचा नाही. पण आपण सगळे मृत्यू 'भरधाव'च्या खुंटीला टांगून ठेवले आहेत आणि ती खुंटीच तिथे ढिली होते.

ज्या कलमाखाली हे सगळं चालायचं, त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची. बेदरकारपणाच्या किंवा हयगयीच्या कृतीने मृत्यू घडवण्याचं कलम तिच्या मूळ मजकुरात नव्हतंच. ३०४-अ हे शेपूट १८७० मध्ये जोडलं गेलं. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि घोडागाड्या. लातूर, नांदेड तर निजामाच्या राज्यात. इथे हा कायदा आला तो निजामशाही गेल्यावर. शिक्षा ठरली जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुढे मोटार आली, ट्रक आला, महामार्ग आले, खिशात फोन आला. दोन वर्षं मात्र जागची हलली नाहीत. १५४ वर्षांनी, १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम १०६(१) मध्ये ती पाचांवर गेली. त्यातही 'पर्यंत' हा शब्द आहे, आणि गुन्हा अजून जामीनपात्रच आहे.

या तारखेच्या आत-बाहेर असण्याने काय फरक पडतो, याचं एक ठळक उदाहरण नवी मुंबईतलं. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नेरुळजवळ पाम बीच रस्त्यावर सोबत्यांबरोबर सायकल चालवणारे अवतार सैनी एका टॅक्सीच्या धडकेने गेले. वय ६८. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ या चिपवर काम केलेला आणि पेंटियमच्या रचनेचं नेतृत्व केलेला हा माणूस. तुमच्या-आमच्या घरी आलेल्या पहिल्या संगणकात त्यांची बुद्धी होती. सायकलचा सांगाडा गाडीच्या पुढच्या चाकांखाली अडकलेला असतानाही चालकाने निघून जायचा प्रयत्न केला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. गुन्हा दाखल झाला तो ३०४-अ खाली, म्हणजे कमाल दोन वर्षांचा. चार महिन्यांनी घडता तर कमाल पाच. मेलेला माणूस देशभर नावाजलेला असो की चाकूरचा गवळी, कायद्याचं माप तेच. ते तसंच असायला हवं, यात वाद नाही. वाद मापाच्या लांबीचा आहे.

लांबी वाढवून काय होतं, यावर आपल्याच न्यायालयांचा अनुभव बोलका आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातल्या एका बसचालकाचं, दलबीर सिंग याचं प्रकरण आलं. त्याच्या बसखाली सायकलस्वार मेला होता. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं, ही त्याची विनंती. न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी नकार देताना धंदेवाईक चालकाच्या मनातला जुगार उलगडून दाखवला. तो आधी धरून चालतो की अपघात होणारच नाही. झाला तरी कोणी मरणार नाही. मेलं तरी आपण दोषी ठरणार नाही. आणि ठरलोच तर कोर्ट दया दाखवील. चार पैजा, एकीवर एक. ही मांडणी मला कुठल्याही शिक्षेच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. कारण शिक्षा दोनाची पाच वर्षं केली, तर फक्त चौथी पैज थोडी महाग होते. पहिल्या तिघींना धक्काही लागत नाही, आणि फोन उचलणारा माणूस त्या पहिल्या तिघींवरच खेळत असतो.

चौथीही किती महाग? पंजाबच्या सौरभ बक्षी प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाने वर्षभराची कैद दिली होती. उच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला ८५ हजार रुपये मिळाल्याचं लक्षात घेऊन ती भोगून झालेल्या २४ दिवसांवर आणली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि संसदेने या कलमाच्या शिक्षेचा फेरविचार करावा, असं सुचवलं. फेरविचाराला नऊ वर्षं लागली.

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. एकाच सकाळी दोन चालक अहमदपूरच्या पुढे फोनमध्ये बघत आहेत. दोघांचा गुन्हा सारखा, बेपर्वाई सारखी. एकाच्या वाटेत सायकल आली, दुसऱ्याच्या आली नाही. पहिला पाच वर्षांचा आरोपी, दुसरा घरी जाऊन जेवला. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली हा पेच मांडला: नैतिक दोष नशिबावर कसा अवलंबून असेल? आपल्याकडे याला 'वेळ आली होती' म्हणतात आणि विषय मिटवतात. गंमत अशी की ही 'वेळ' मेलेल्याची धरली जाते, मारणाऱ्याची नाही.

मी यातून काढलेला अर्थ असा: डुलकी लागणं, डोळ्यांत धूळ जाणं, क्षणभर भान सुटणं हे माणसाच्या हातून घडतं. फोन उचलणं घडत नाही, तो उचलावा लागतो. ती निवड आहे. म्हणून शिक्षेचा भार मृत्यूच्या क्षणावरून या निवडीवर सरकवायला हवा. म्हणजे न मारलेल्या दुसऱ्या चालकापर्यंतही पोचायला हवं. आणि हे करायला नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहनचालन म्हणून स्पष्ट लिहिलं आहे: पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड. त्यातला दंड वसूल होतो. कैदेचं नाव कोणी काढत नाही. त्याहून धारदार हत्यार कलम १९ मध्ये आहे, परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच राज्यांना बजावलं होतं, की वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा.

तीन महिने परवाना गेला तर काय होतं, हे ट्रक किंवा काळी-पिवळी चालवणाऱ्याला विचारा. त्याला तुरुंगापेक्षा याची भीती जास्त. चारचाकीतून क्लासला पोरं सोडणाऱ्या लातूरच्या पालकालाही ती शिक्षा रोज सकाळी आठवण देईल. ब्रिटनमध्ये धोकादायक वाहन चालवून जीव घेणाऱ्याला २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्याची बातमी आपल्याकडेही झाली. पण त्याच कायद्याने किमान वाहनबंदी दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि बंदीनंतर नेहमीपेक्षा लांब परीक्षा तिथे आधीपासूनच पुन्हा द्यावी लागते, हे फारसं कोणी सांगितलं नाही. ज्या हाताने स्टिअरिंग नीट धरलं नाही, त्या हातातून ते काढून घेणं ही मला सर्वांत शोभणारी शिक्षा वाटते. अर्थात एमएच-२४ किंवा एमएच-२६ च्या गाडीवर विनापरवाना बसलेल्याला अडवणारा कोणी रस्त्यावर हवा, नाहीतर तीही कागदावरच.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो रास्त होता. पण त्या संतापात 'समाजसेवेची शिक्षा म्हणजे थट्टा' असं समीकरण पक्कं झालं, ते मला पटत नाही. न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आणली, मात्र ती पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन धिंगाणा, बदनामी अशा किरकोळ सहा गुन्ह्यांपुरती. मृत्यूच्या गुन्ह्यात ती कैदेच्या जागी नकोच. कैदेच्या जोडीला, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सहा महिने स्ट्रेचर ओढण्याची, असायला काय हरकत आहे?

पैशाचा हिशेब वेगळाच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई ठरते ती सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतल्या सूत्राने. समजा ४२ वर्षांचा, महिना १२ हजार मिळवणारा, घरात चार-पाच खाणारी तोंडं असलेला माणूस सायकलवरून जाताना मेला. पुढच्या वाढीपोटी २५ टक्के धरले की १५ हजार, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले ११,२५०, वर्षाचे १,३५,०००, त्या वयाचा गुणक १४. झाले १८ लाख ९० हजार, वर अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम. विमा कंपनी सायकलला दिवा नव्हता, तो रस्त्याच्या मधे होता, असं म्हणून यातून काही कापायचा प्रयत्न करणारच. नेदरलँडमध्ये नेमकं इथे पारडं उलटं आहे: मोटारवाल्याने सायकलस्वाराला उडवलं तर भरपाईत निदान निम्मा भार मोटारवाल्याचा, आणि १४ वर्षांखालचं मूल असेल तर जवळपास सगळाच. आपल्याकडे सगळे पैसे मिळाले तरी ते देतो विमा. चालकाच्या खिशातून, पुष्कळदा, एक रुपयाही जात नाही.

पण चालक पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तर? मग कलम १६१ ची योजना: मृत्यूला २ लाख. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी चौकशी करणार, जिल्हाधिकारी मंजूर करणार. म्हणजे ओळख पटलेल्या गाडीखाली मेलात तर एकोणीस लाख, न पटलेल्या गाडीखाली मेलात तर दोन. पळून जाणारा चालक स्वतःची कैद तर चुकवतोच, शिवाय मेलेल्याच्या बायकापोरांचे सतरा लाख बरोबर घेऊन जातो. २०२२ मध्ये अशा पळालेल्या गाड्यांखाली देशात ३०,४८६ माणसं मेली.

न्याय संहितेच्या १०६(२) ने याच पळण्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. अट एवढीच होती, की पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला लगेच कळवा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांचा संप झाला, मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणारे इंधनाचे टँकर थांबले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारने माघार घेतली. १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली, हे उपकलम सोडून. चालकांचं म्हणणं खोटं नव्हतं: अपघाताच्या जागी थांबलं तर जमाव जीव घेतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर हे घडू शकतं. पण जमावापासून पळणं आणि कायद्यापासून पळणं यांत एका फोनचं अंतर आहे. दहा किलोमीटर पुढे जाऊन ११२ लावता येतो. ज्या फोनमुळे माणूस मेला असेल, तोच तेव्हा कामाला येईल. एवढी स्पष्ट सूट कलमाच्या मजकुरात लिहून ते लागू करायला हवं होतं. ते टांगून ठेवण्यात नुकसान झालं ते रस्त्याच्या कडेने जाणाऱ्याचं, आणि त्याची संघटना नाही.

अपघातातली दोन्ही वाहनं ठाण्याच्या आवारात आणली जातात. ट्रकमालक वकील लावतो, बंधपत्र देतो, आणि काही दिवसांत ट्रक सुपूर्दनाम्यावर सुटून पुन्हा रस्त्याला लागतो. हप्ते थकलेले असतात. सायकल मात्र मुद्देमाल म्हणून तिथेच भिंतीला टेकून राहते, हँडलला सुतळीने बांधलेली गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी पावसाने पुसट होत जाते. सोडवायला कोणी येत नाही. दोन हजारांच्या सायकलीसाठी कोर्टात अर्ज करायचा, तर एका खाड्याची मजुरी जाते.